अक्षरामागचा आकडा : वाचकांचे प्रश्न

सुरुवातीला एक खुलासा. आमच्या मासिकात रोमन लिपी छापत नाहीत, त्यामुळे एक्सेलच्या फंक्शनची नावे मी देवनागरीत लिहिते. तुम्ही ती इंग्रजीत टाइप करायची, आकडेही इंग्रजीच घालायचे. ‘ए२’ म्हणजे ए कॉलममधला दुसऱ्या ओळीतला सेल. मागच्या खेपेला एका आजोबांनी अख्खा फॉर्म्युला मराठीत टाइप केला आणि ‘तुमचा फॉर्म्युला चालत नाही’ असे खरमरीत पत्र धाडले. चूक माझी होती, आधीच सांगायला हवे होते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या दोन याद्या आहेत, एक सभासदांची आणि एक वर्गणी भरलेल्यांची. व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतले नाव दुसरीत शोधणारे फंक्शन, लावले की ३४० पैकी ११ नावे सापडत नाहीत. कऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशीच आडनावे आहेत. दोन्ही याद्यांत स्पेलिंग अगदी तेच आहे, भिंग लावून पाहिले. पुन्हा टाइप केले तर कधी जुळते, कधी नाही. आमचा टायपिस्ट म्हणतो, एक्सेलला मराठी येत नाही. सोबत फाइल जोडली आहे.
— वाचनालयाचे कार्यवाह, कऱ्हाड

एक्सेलला मराठी येत नाही हे खरे, पण त्याला इंग्रजी तरी कुठे येते? त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, अगदी मोकळ्या जागेलाही एक नंबर असतो आणि दोन नावे जुळवताना एक्सेलचे लक्ष त्या नंबरांवर असते.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे. खिळ्यांच्या केसमध्ये कुठल्या खणात कुठले अक्षर, हे त्यांच्या बोटांना पाठ होते. खिळा चुकीच्या खणातून उचलला गेला तर प्रुफात चुकीचे अक्षर उठायचे आणि ते लगेच दिसायचे. संगणकात पंचाईत अशी, की दोन वेगवेगळ्या खणांतून खिळे उचलले तरी पडद्यावर अक्षर तेच उठते. मग भिंग लावून काय उपयोग? खणाचा नंबर विचारायला हवा.

नवी शीट उघडा. सभासदांच्या यादीतले ‘कऱ्हाडे’ ए२ मध्ये आणि वर्गणीच्या यादीतले ए३ मध्ये चिकटवा. कॉपीच करा, टाइप करू नका. टाइप केलेत तर पुरावाच पुसला जाईल. आता पहिल्या ओळीत सी१ पासून उजवीकडे १, २, ३ असे १२ पर्यंत आकडे घाला. सी२ मध्ये हे लिहा :

=इफएरर(युनिकोड(मिड($ए२,सी$१,१)),"")

हा सेल उजवीकडे आणि एक ओळ खाली ओढा. मिड नावातला एकेक तुकडा उचलते, युनिकोड त्याचा नंबर सांगते, आणि नाव संपल्यावर जी चूक येईल ती इफएरर गिळून टाकते. डॉलरच्या खुणा जिथे आहेत तिथेच हव्यात, नाहीतर ओढताना सगळे घसरते.

तुमच्या फाइलवर मी हेच केले. वरच्या ओळीत ७ आकडे आले : २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७, २३७५. खालच्या ओळीत ८ : २३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७, २३७५.

२३२५ म्हणजे क. दोन्हीकडे तोच. दुसऱ्या जागेवर गाडी रुळावरून उतरते : वर २३५३, खाली २३५२. २३५२ हा आपला रोजचा र. २३५३ हा ऱ, त्याचा सख्खा शेजारी. युनिकोड म्हणजे लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारा सामाईक तक्ता. त्यात पूर्ण ऱ ची जागा आहे ती दाक्षिणात्य भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी; त्याचे अर्धे रूप मात्र आपण वऱ्हाडापासून कऱ्हाडापर्यंत सगळीकडे वापरतो. पुढचा २३८१ म्हणजे पाय मोडायची खूण. मग खालच्या ओळीत ८२०५ हा पाहुणा येतो. त्याचे नाव झीरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, शाई शून्य. साध्या र चा पाय मोडून पुढे ह आला की रफार होतो, ‘कर्हाडे’ असे काहीतरी भलतेच. मध्ये हा पाहुणा बसवला की रफार होत नाही, तुम्हाला हवा तो अर्धा र उमटतो. दोन्ही वाटा ‘कऱ्हाडे’पाशीच पोचतात. कुणी कोणत्या वाटेने जायचे हे कीबोर्ड ठरवतो. तुमचा टायपिस्ट संगणकावर टाइप करत असेल आणि वर्गणी घेणारे गृहस्थ फोनवर, तर ‘कधी जुळते, कधी नाही’ याचा उलगडा झाला.

हे मी अभ्यासातून शिकले असे समजू नका. आमच्या सोसायटीची मी खजिनदार. चार वर्षांपूर्वी थकबाकीदारांना पत्रे काढली, त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनाही गेले. त्यांच्या आडनावात ऱ्ह आहे. काका पावती घेऊन दारात उभे, चपला न काढता. पावती माझ्याच सहीची. मी कपाळाला हात लावला आणि त्या रात्री अकरापर्यंत त्यांचे आडनाव असे एकेक नंबर काढून उलगडत बसले. ८२०५ सापडला तेव्हा आधी वाटले, माझा फॉर्म्युलाच चुकला.

आता दुरुस्ती. दोन्ही याद्यांत नावाशेजारी एक रिकामा कॉलम घ्या आणि त्यात :

=सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(२३५२)&युनिचार(२३८१)&युनिचार(८२०५),युनिचार(२३५३)&युनिचार(२३८१))

युनिचार हे युनिकोडच्या उलट काम करते, नंबर दिला की अक्षर देते. फॉर्म्युल्याचा अर्थ एवढाच, की जिथे ‘र, पाय मोडणे, पाहुणा’ असे त्रिकूट दिसेल तिथे ‘ऱ, पाय मोडणे’ ही जोडी बसवा. ८२०५ नुसता सरसकट उडवू नका. तसे केलेत तर ११ कऱ्हाडे-गोऱ्ह्यांच्या डोक्यावर रफार चढतील. व्हीलूकअप या नव्या कॉलमवर लावा. जुळले की कॉलम कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून जुन्या जागी चिकटवा.

अजून दोन सावधगिऱ्या. नुसत्या लेनवर, म्हणजे लांबी मोजणाऱ्या फंक्शनवर, विसंबू नका. इथे ७ आणि ८ आले म्हणून फरक कळला. पण रफाराचे चुकीचे ‘कर्हाडे’ घेतले तर त्याचीही लेन ७ येते. आणि क्वचित २३५२ नंतर २३६४ दिसेल, म्हणजे र खाली नुक्ता. युनिकोडच्या नियमाने ही जोडी म्हणजे ऱ च, पण यादी जुळवताना ती पुन्हा वेगळी ठरू शकते. तिच्यासाठीही असाच सब्स्टिट्यूट लावा.

प्रश्न : युनिकोड फंक्शनला ‘ज्ञ’ दिले तर २३३२ येतो, आणि युनिकोडच्या तक्त्यात तो ज चा आहे. ‘क्ष’ दिले तर क चा येतो. माझे एक्सेल बिघडले आहे का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

नाही. हे फंक्शन पहिला तुकडा तेवढा बघते. ज्ञ हे एका खिळ्याचे अक्षर नाही : २३३२, २३८१, २३३४, म्हणजे ज, पाय मोडणे, ञ. क्ष तसाच : २३२५, २३८१, २३५९. शाळेत आपण दोघांना मुळाक्षरांच्या शेवटी स्वतंत्र पाट मांडून बसवतो, युनिकोडने बसवलेले नाही. ‘ज्ञानेश्वर’ची लेन काढून बघा. आपल्याला ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे दिसतात, एक्सेल १० मोजते.

आणि तुम्ही तळटीपेत विचारले आहे, की कोड नावाचे फंक्शन का वापरायचे नाही, नावावरून तर तेच योग्य वाटते. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कोडला कुठलेही मराठी अक्षर द्या, उत्तर साधारण ६३ येते. ६३ हा प्रश्नचिन्हाचा नंबर. म्हणजे बिचारे प्रामाणिकपणे ‘हे काय आहे?’ असे विचारते. गूगल शीट्समध्ये मात्र कोडही पूर्ण नंबर देते. युनिकोड आणि युनिचार एक्सेलमध्ये २०१३ च्या आवृत्तीपासून आहेत. त्याआधीचे एक्सेल असेल तर गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस वापरा, फुकट आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वेबसाइटवरून मुलांचे प्रवेश क्रमांक कॉपी केले. आकडे आठच दिसतात, पण लेन ९ सांगते. ट्रिम लावले, क्लीन लावले, तरी ९. व्हीलूकअप एकही मूल ओळखत नाही. उद्या निकालपत्रके द्यायची आहेत.
— एक शिक्षिका, भंडारा

उद्याचे ‘उद्या’ केव्हाच होऊन गेले असणार, मासिकाचा हा दोष आहे. तरी पुढच्या सत्रासाठी सांगते.

त्या सेलवर जा, एफ-टू दाबा. कर्सर शेवटच्या आकड्याला चिकटून उभा न राहता बोटभर लांब उभा दिसेल. तिथे काहीतरी आहे. काय आहे ते असे विचारा : =युनिकोड(राइट(ए२,१)). माझी पैज १६० वर आहे.

स्पेसबार दाबून जी मोकळी जागा येते तिचा नंबर ३२. १६० ही तिची जुळी बहीण, वेबपेज बनवणारे ती ओळ मध्येच तुटू नये म्हणून घालतात. ट्रिम फक्त ३२ ओळखते. क्लीन ० ते ३१ या नंबरांची अदृश्य चिन्हे काढते. १६० या दोघांच्याही हद्दीबाहेर, म्हणून तुमचे ९ चे ९ राहिले. उपाय : =सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(१६०),"").

इथे बहुतेकांचा पुढचा पाय घसरतो. सब्स्टिट्यूटमधून निघालेला क्रमांक मजकूर असतो, आणि दुसऱ्या यादीत तो खरा आकडा असेल तर व्हीलूकअप तरीही ओळख दाखवणार नाही. मग वरच्या फॉर्म्युल्याला १ ने गुणा, आकडा होईल. क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल तर गुणू नका, शून्य गळून पडेल. त्यापेक्षा दुसरी यादी मजकुरात बदला.

१६० नसून ६५२७९ किंवा ८२०३ आला तरी घाबरू नका, तेही बिनशाईचेच. नंबर बदलून तोच फॉर्म्युला चालवा.

प्रश्न : वकील मंडळींच्या यादीला फिल्टर लावला तर ‘ॲड.’ दोनदा दिसते. एकावर टिक केली की निम्मे वकील गायब. दोन्ही ‘ॲड.’ हुबेहूब सारखे आहेत.
— वकिलांच्या कार्यालयातले एक कारकून, अकोला

सारखे दिसतात, सारखे नाहीत. एकाचा पहिला नंबर २४१८ येईल, तो एकसंध ॲ. दुसऱ्याचा २३०९ आणि मग २३७३ : अ, आणि त्यावर चंद्र. एकसंध ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ‘ॲडव्होकेट’, ‘ॲसिड’, ‘ॲम्ब्युलन्स’ लिहायचे तर दोन तुकडे जोडूनच. म्हणून तुमच्या यादीतले जुन्या सनदेचे वकील बहुधा दोन तुकड्यांचे निघतील आणि नव्या दमाचे एकसंध. २३०९ आणि २३७३ च्या जागी २४१८ बसवा, फॉर्म्युला कऱ्हाडच्या उत्तरात आहेच.

विषय निघालाच आहे तर माझे जुने दुखणे सांगून घेते. ‘दुःख’. मी प्रूफ तपासायचे काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निदान सहा हस्तलिखितांत दुःखात विसर्ग नसतो, कोलन असतो. विसर्गाचा नंबर २३०७, कोलनचा ५८. लेन दोन्हीची ४. कागदावर कुणाच्या बापाला कळत नाही. पण एका कवितासंग्रहाची शब्दसूची करताना दुःख दोन ठिकाणी आले, एकदा १४ वेळा आणि एकदा ९ वेळा, आणि कवी मला म्हणतात, ‘बाई, माझी दुःखं वेगवेगळी आहेत.’ असतील. पण सूचीत ती एकत्र हवीत. शोधायचे असेल तर =इफएरर(फाइंड(":",ए२),०) लावा; ० पेक्षा मोठा आकडा आला त्या ओळी डोळ्याने तपासा. इथे सरसकट बदल नको, संवादांपुढचे आणि वेळेतले खरे कोलनही विसर्ग होऊन बसतील.

प्रश्न : १९९० च्या दशकात डीटीपी केलेली स्मरणिकेची यादी आहे. एक्सेलमध्ये आणली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती मराठी आहे हे संगणकाला कसे सांगू?
— एक निवृत्त मुद्रक, सांगली

सांगता येणार नाही, कारण ती मराठी नाहीच. जुने फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. कृतिदेवमध्ये ‘काम’ दिसते ते प्रत्यक्षात डी, के, ई ही तीन छोटी रोमन अक्षरे असतात; युनिकोडला विचारा, १००, १०७, १०१ सांगेल. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. खरी देवनागरी २३०४ ते २४३१ या पट्ट्यात राहते, तेव्हा =युनिकोड(ए२)>=२३०४ असे लावले की कुठल्या ओळी जुन्या आहेत ते खरे-खोटे स्वरूपात समोर येते. अर्धी यादी नंतर कुणीतरी युनिकोडमध्ये टाइप केलेली असते, त्यामुळे ही छाननी आधी करा.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, ज्याने-त्याने आपापल्या फॉन्टचा घ्यायचा. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी तपासा. तुम्ही मुद्रक, तुम्हाला हे पटकन कळेल : खिळे जुळवताना वेलांटी आधी ठेवायची आणि मग अक्षर, कारण ती डावीकडे दिसते. जुन्या फॉन्टांनी तीच रीत उचलली. युनिकोडमध्ये जसा उच्चार तसा क्रम, ‘कि’ म्हणजे आधी २३२५ आणि मग वेलांटीचा २३६७. कन्व्हर्टरची गडबड झाली की वेलांटी आदल्या अक्षराच्या गळ्यात पडते. जोडाक्षरांपाशी, ‘स्थिती’, ‘शक्ति’ अशा शब्दांत, आधी बघा. मी वडिलांना एकदा हा उलटा क्रम दाखवला होता. ते म्हणाले, ‘म्हणजे तुमचं यंत्र आधी बोलतं आणि मग लिहितं.’

प्रश्न : गणेशोत्सवाची वर्गणी कार्यकर्त्याने मराठी आकड्यांत भरून आणली. बेरीज शून्य येते.
— एका मंडळाचे खजिनदार, डोंबिवली

त्या सेलमध्ये आकडे मजकूर म्हणून बसले आहेत आणि सम फंक्शन मजकूर वगळते. फॉर्म्युल्याचा हट्ट धरू नका. आधी तो कॉलम निवडून त्याचे फॉरमॅट टेक्स्टवरून जनरल करा, मग फाइंड-रिप्लेस दहा वेळा : मराठी शून्याच्या जागी इंग्रजी शून्य, मराठी एकच्या जागी इंग्रजी एक, असे नऊपर्यंत. चार-पाच मिनिटांचे काम आहे. रकमेत ‘/-’ किंवा ‘रु.’ लिहिले असेल तर तेही रिकाम्याने बदला.

फॉर्म्युला हवाच असेल तर मराठी शून्याचा नंबर २४०६, तिथून पुढे ओळीने २४१५ पर्यंत नऊ. =युनिकोड(ए२)-२४०६ एका अंकापुरते बरोबर उत्तर देते; मोठ्या रकमेसाठी कऱ्हाडच्या उत्तरातला आडवा मांडणीचा प्रकार वापरून प्रत्येक अंक सुटा करावा लागेल. इंग्रजी आणि मराठी अंकांतले अंतर नेहमी २३५८ असते. २३५८ हा श चा नंबर आहे, पण तो निव्वळ योगायोग. त्यावरून मला पत्रे पाठवू नका.